गॅस कमी ‘आहे’ की ‘असावा’?

मे महिना लागला की अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत घरोघरी एक वाक्य ऐकू येते : ‘गॅस कमी झालाय.’ एसी चालू असतो, भिंतीवरच्या यंत्रातून वारा येत असतो, पण खोली थंड होत नाही. मेकॅनिक येतो, वाऱ्यासमोर हात धरतो आणि हे वाक्य उच्चारतो. पुष्कळदा तो येण्याआधीच घरातल्या कुणीतरी ते उच्चारलेले असते. त्यामागे फसवण्याचा हेतू असेल तर विचार करण्यासारखे काही उरत नाही, लबाडीला लबाडी म्हणावे. पण बोलणारा प्रामाणिक असेल, त्याला मनापासून तसेच वाटत असेल, फक्त त्याने तपासून पाहिलेले नसेल, तर ते वाक्य असत्य ठरते का? आणि योगायोगाने गॅस खरोखरच कमी निघाला, तर तो सत्य बोलला असे म्हणायचे का? माझे उत्तर असे आहे की न तपासता ठामपणे सांगितलेले कारण असत्यातच जमा होते, आणि ते पुढे खरे निघाले तरी त्या बोलण्याचा दोष जात नाही.

हे मत कडक वाटेल, पण त्याला आधार आहे. पतंजलींच्या योगसूत्रांत पाच यमांमध्ये अहिंसेनंतर लगेच सत्य येते. त्यावरच्या व्यासभाष्यात सत्याची जी व्याख्या आहे ती शाळेत शिकवल्या जाणाऱ्या ‘खरे बोलावे’पेक्षा फार बारीक आहे. जे जसे पाहिले, जसे अनुमानाने जाणले किंवा जसे ऐकले, तसेच ते मनात आणि वाणीत असणे म्हणजे सत्य. भाष्यकार इथे थांबत नाही. आपण बोलतो ते आपले ज्ञान दुसऱ्यापर्यंत पोचवण्यासाठी, म्हणून ती वाणी फसवी नसावी, भ्रांत नसावी आणि ऐकणाऱ्याला काहीच बोध न देणारी वांझही नसावी, असे तो सांगतो. फसवी आणि भ्रांत ही दोन विशेषणे त्याने वेगळी ठेवली आहेत. म्हणजे हेतू शुद्ध असला तरी ज्याच्या मुळाशी पाहणेही नाही आणि नीट केलेले अनुमानही नाही, ते बोलणे सत्याच्या कसोटीला उतरत नाही. सत्य बोलायचे तर आधी जाणून घ्यावे लागते. जाणून घेण्याचे कष्ट सत्यातच येतात, आणि एसीच्या साध्या बिघाडात ते कष्ट नेमके कुठे टाळले जातात हे स्पष्ट दिसते.

एसी थंडी तयार करत नाही. तो खोलीतली उष्णता उचलून बाहेर नेऊन टाकतो. आतल्या कॉइलमध्ये द्रवरूप वायू उकळून वाफ होतो आणि तसे होताना खोलीतल्या हवेची उष्णता घेतो. कॉम्प्रेसर ती वाफ दाबून बाहेरच्या कॉइलमध्ये पाठवतो. तिथे ती उष्णता बाहेरच्या हवेला देऊन पुन्हा द्रव होते आणि परत आत येते. हे चक्र तांब्याच्या किंवा अॅल्युमिनियमच्या बंद नळ्यांमधून वर्षानुवर्षे चालते. त्यात गॅस खर्च होत नाही. तो कमी झाला असेल तर कुठेतरी गळतो आहे, एवढाच त्याचा अर्थ. तरीही गॅस ‘संपतो’ असे आपण सहज म्हणतो. याचे कारण मला भाषेत दिसते. आपल्या घरांनी गॅस हा शब्द पहिल्यांदा ऐकला तो स्वयंपाकाच्या सिलिंडरमुळे, आणि सिलिंडर संपतो, नवा मागवावा लागतो. गौतमाच्या न्यायसूत्रांत जे सोळा पदार्थ, म्हणजे विचाराचे विषय, सांगितले आहेत त्यांत दृष्टान्ताला स्वतंत्र स्थान आहे, कारण चुकीचा दृष्टान्त अख्खा विचार चुकीच्या रस्त्याला लावतो. इथे सिलिंडरने तेच केले आहे.

उपनगरांतल्या घरात एसी थंड न होण्याची कारणे किती असू शकतात? जाळीवर धूळ बसली की कॉइलवरून हवा जात नाही. मेट्रोची कामे आणि पुनर्विकासाची बांधकामे चालू असलेल्या भागात महिन्याभरात जाळी पांढरी होते. बाहेरच्या युनिटमध्ये कबुतरे घरटे करतात, आणि पिसे व विष्ठा कॉइलच्या पात्यांत अडकून बसतात. नव्या टॉवरमध्ये आउटडोअर युनिटे अरुंद डक्टमध्ये एकावर एक टांगलेली असतात. खालच्याने फेकलेली गरम हवा वरचा ओढून घेतो आणि उष्णता टाकायला जागाच राहत नाही. कपॅसिटर गेला की आतला पंखा फिरत राहतो, पण कॉम्प्रेसर उठत नाही, नुसता घुमतो. बाहेरचा पंखा बंद पडला तर दहा-पंधरा मिनिटे गारवा येतो, मग कॉम्प्रेसर तापून स्वतःच थांबतो. व्होल्टेज पडले, सेन्सर बिघडला, रिमोट ‘फॅन’वर राहिला, तरी परिणाम तोच. कधी यंत्र निर्दोष असते आणि शेवटच्या मजल्यावरच्या, पश्चिमेचे ऊन झेलणाऱ्या खोलीला एक टनाचा एसी पुरत नसतो. आणि मुंबईचा दमटपणा वेगळाच. हवेतल्या वाफेचे पाणी करण्यातच यंत्राची बरीच ताकद जाते. विलिस कॅरिअरने १९०२ साली ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी आपले पहिले वातानुकूलन यंत्र आखले ते कागदाला धरणारी ओल आवरण्यासाठी, माणसांच्या सुखासाठी नव्हे. जूनच्या पहिल्या आठवड्यात, पाऊस दाराशी आलेला असताना, अंगाला चिकटणारी हवा ‘गार नाही’ वाटते तेव्हा थर्मामीटर काही वेगळेच सांगत असतो. गॅसची गळती हे या यादीतले खरे कारण आहे. खाडीवरचा खारा वारा आणि उघड्या नाल्यांतून उठणारा हायड्रोजन सल्फाइड धातूला खातात, नळ्यांना सुईच्या टोकाएवढी छिद्रे पडतात. पण गळती म्हणजे अनेक कारणांतले एक कारण.

परिणाम दिसला की एकच कारण पकडण्याचा हा घोटाळा नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या विचारवंतांनी, फार पूर्वी ओळखला होता. धूर दिसला की अग्नी आहे असे म्हणता येते, पण अग्नी दिसला म्हणून धूर आहे असे म्हणता येत नाही. लालबुंद तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी आहे आणि धूर मुळीच नाही. ओल्या सरपणाची जोड मिळाली तरच अग्नीला धूर येतो, आणि अशा लपलेल्या अटीला त्यांनी उपाधी असे नाव दिले. आता आपले वाक्य या तराजूत घालावे. गॅस पुरेसा कमी झाला तर खोली थंड होणार नाही, ही व्याप्ती, म्हणजे न चुकणारी संगत, बरोबर आहे. पण खोली थंड होत नाही म्हणून गॅस कमी आहे, ही उलटी उडी म्हणजे अग्नीवरून धुराकडे मारलेली उडी. अन्नंभट्टाचा तर्कसंग्रह आठल्ये आणि बोडस यांनी संपादित करून मुंबई संस्कृत मालेत १८९७ साली छापला. तेव्हापासून मुंबई विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्यांनी हेत्वाभासांची, म्हणजे अनुमानातल्या दोषांची, नावे पाठ केली. ज्याला ‘सव्यभिचार’ म्हणतात, म्हणजे सिद्ध करायची गोष्ट असेल तिथेही आणि नसेल तिथेही आढळणारी खूण, त्याचे याहून घरगुती उदाहरण सापडणे कठीण.

तरीही सव्यभिचार दाखवून थांबणे मला अर्धवट वाटते, कारण त्यातून कुणी असाही निष्कर्ष काढेल की अनुमान मुळातच भरवशाचे नाही. ही शंका न्यायसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात प्रतिपक्षाच्या तोंडी येते. नदी फुगली म्हणून वर पाऊस झाला असे तुम्ही म्हणता, पण प्रवाह खाली अडला तरीही नदी फुगते. मग अनुमान टिकले कसे? त्याला दिलेले उत्तर मला सगळ्या भारतीय तर्कशास्त्रातले सर्वांत उपयोगी उत्तर वाटते. नुसत्या फुगण्यावरून आम्ही अनुमान करतच नाही, असे नैयायिक म्हणतो. वाढलेला वेग, पाण्यावरचा फेस, वाहून येणारी फळे, पाने, लाकडे हे सारे पाहून पावसाचे अनुमान होते. अडलेल्या पाण्याला ही लक्षणे नसतात. दोष अनुमानाचा नाही, अर्धवट पाहणाऱ्याचा आहे. पोयसर आणि दहिसर नद्यांच्या काठी राहणाऱ्यांना हा भेद वेगळा शिकवावा लागत नाही. पावसाचे पाणी कोणते आणि भरतीने तुंबलेले कोणते, हे त्यांना पाणी बघूनच कळते.

एसीच्या बिघाडालाही असे फेस आणि पाने असतात. गॅस कमी असेल तर आउटडोअरच्या वॉल्व्हजवळची बारीक नळी बर्फ धरते आणि आतल्या कॉइलचा प्रवेशाकडचा थोडा भागच गोठतो. जाळी तुंबून हवा कमी पडत असेल तर बर्फ सगळ्या कॉइलवर पसरतो आणि जाड नळीपर्यंत येतो. गॅस कमी असला की कॉम्प्रेसरवरचा भार घटतो, त्यामुळे क्लॅम्प मीटरवर करंट यंत्राच्या पट्टीवर लिहिलेल्या आकड्यापेक्षा बराच कमी दिसतो. बाहेरची कॉइल घाणीने भरली असेल तर उलट दाब चढतो आणि करंट वाढतो. एसीत शिरणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या हवेचे तापमान मोजले तर चालत्या यंत्रात साधारण ८ ते १२ अंशांचा फरक पडतो, दमट दिवशी थोडा कमी. तो फरक नीट असेल आणि खोली तरीही गरम असेल, तर शोध यंत्रात करायचा नाही, खिडक्या, ऊन आणि खोलीचा आकार यांत करायचा. इन्व्हर्टर एसीत कॉम्प्रेसर गरजेप्रमाणे हळू-जलद होतो, म्हणून तिथे दाब आणि करंट बघण्याआधी यंत्र पूर्ण वेगाने चालवावे लागते. नाहीतर मंदावलेला कॉम्प्रेसर भलतेच काही दाखवतो. यातली एकही गोष्ट दुर्मीळ विद्या नाही. एक मीटर, एक थर्मामीटर आणि वीस मिनिटे एवढीच त्याची किंमत.

यावर पहिला आक्षेप अनुभवाचा. गॅस भरला आणि एसी गार झाला, आता आणखी पुरावा कसला हवा? पण गॅस भरण्याच्या त्याच फेरीत जाळी धुतली गेली, जेट पंपाने दोन्ही कॉइल साफ झाल्या, आउटडोअरमधले घरटे निघाले. यातले कोणते कारण आणि कोणता नुसता सोबती? न्यायग्रंथांत कुंभाराच्या गाढवाचे उदाहरण येते. घडा होण्याआधी माती वाहणारे गाढव तिथे होते खरे, पण ते घड्याचे कारण नव्हे. अशा सोबत्याला अन्यथासिद्ध म्हणतात. एका वेळी चार गोष्टी केल्या तर गुण कशाचा आला हे सांगण्याचा हक्क आपण गमावतो. आणि समजा गॅस खरोखर कमी होता, तरी तो गेला कुठे हा प्रश्न उरतोच. नायट्रोजनचा दाब देऊन आणि सांध्यांवर साबणाचा फेस लावून गळती शोधली नाही, ती बुजवली नाही, नळ्यांतली हवा आणि ओल व्हॅक्यूम पंपाने काढली नाही, तर भरलेला गॅस पुढच्या उन्हाळ्याआधी त्याच छिद्रातून निघून जातो. तो हवेत जिरून निरुपद्रवी होतो असेही नाही. एसीत भरला जाणारा आर-३२ हा वायू शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ६७५ पट उष्णता धरतो आणि आर-४१०ए दोन हजार पटींहून अधिक. हे वायू टप्प्याटप्प्याने कमी करण्याच्या किगाली दुरुस्तीला भारताने २०२१ मध्ये मान्यता दिली. न तपासता बोललेल्या एका वाक्याचा परिणाम खोलीच्या बाहेर इतका दूर पोचतो, म्हणून सत्याला अहिंसेशेजारी बसवणाऱ्यांची दृष्टी मला नेमकी वाटते.

दुसरा आक्षेप चार्वाकाच्या घरातला आहे. व्याप्ती कधीच पुरती सिद्ध होत नाही, तेव्हा तर्काचा खटाटोप सोडा, एक उपाय करून बघा, लागू पडला तर ठीक. यात तथ्य आहे. करून पाहणे हीही परीक्षाच आहे. पण परीक्षा तेव्हाच होते जेव्हा एका वेळी एकच गोष्ट बदलली जाते आणि ‘हे असले तर ते, हे नसले तर ते नाही’ अशी अन्वय-व्यतिरेकाची जोडी जुळते. त्याला एक क्रमही लागतो. जे फुकट आहे, उलटवता येते आणि कुणाचे नुकसान करत नाही ते आधी. रिमोटचा मोड पाहणे, जाळी धुणे, आउटडोअरसमोरची अडगळ काढणे हे पहिले. बंद नळ्या उघडणे सगळ्यात शेवटी. चार्वाकाचे नाव घेऊन शेवटची पायरी आधी चढणारा माणूस प्रयोग करत नाही, पैज लावतो.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. मोक्षासाठी रचलेली शास्त्रे घरगुती यंत्राला लावणे म्हणजे त्यांचा अपमान, असे काहींना वाटेल. मला हे मान्य नाही. नैयायिकांचे सर्वांत आवडते उदाहरणच स्वयंपाकघराचे आहे. धूर आणि अग्नीची संगत माणूस आधी चुलीपाशी पाहतो, मग डोंगरावर लावतो. न्यायसूत्रांच्या दुसऱ्याच सूत्रात दुःखाची साखळी मागे मागे नेत मिथ्याज्ञानापर्यंत आणली आहे, आणि ते गेले की पुढचे सगळे ओळीने गळून पडते असे म्हटले आहे. मिथ्याज्ञान ही सवय आहे, आणि सवय रोजच्या गोष्टींतच लागते. जो माणूस यंत्राच्या बाबतीत पहिल्या आठवलेल्या कारणावर समाधान मानतो, तो मुलाच्या अपयशाचे, शेजाऱ्याच्या वागण्याचे आणि देशातल्या दंगलीचे कारणही तसेच पहिल्या फटक्यात सांगून मोकळा होतो.

चौथा आक्षेप माणुसकीचा आहे आणि तो मला सर्वांत जड वाटतो. उन्हाळ्यात दिवसाला दहा-बारा घरे करणारा, कमरेला पट्टा न बांधता बाराव्या मजल्याच्या छज्ज्यावर उतरणारा मेकॅनिक, त्याच्याकडून नैयायिकाची शिस्त कशी मागायची? तसे मागणे अन्याय ठरेल, जोवर आपण आपला वाटा मोजत नाही. गिऱ्हाईक गॅसचे काही हजार रुपये बिनतक्रार देते, पण अर्धा तास मीटर लावून ‘तुमचा गॅस ठीक आहे, जाळी धुवा’ असे सांगणाऱ्याला तीनशे रुपये देताना कुरकुरते. त्याने केले काय, असे विचारते. वस्तूची किंमत आपल्याला कळते, निर्णयाची कळत नाही. न तपासलेले वाक्य जिथे पैसे मिळवते आणि तपासलेले वाक्य उपाशी राहते, तिथे असत्य एकट्या बोलणाऱ्याचे राहत नाही. ऐकणारा ते विकत घेत असतो.

उरला शेवटचा आक्षेप : सगळेच तपासून बोलायचे तर माणूस बोलणार कधी? डॉक्टर, वकील, बातमी देणारा, प्रत्येकाला अपुऱ्या माहितीवर बोलावे लागते. हे खरे आहे आणि त्याचे उत्तर मराठीतच तयार आहे. ‘आहे’ आणि ‘असावा’ ही दोन रूपे आपल्याला व्याकरणाने दिली आहेत. ‘गॅस कमी असावा, पण आधी जाळी आणि करंट बघतो’ असे म्हणणारा अपुऱ्या ज्ञानावर बोलतो आणि तरीही सत्य बोलतो, कारण मनात जेवढे आहे तेवढेच त्याच्या वाणीत आले. सोळा पदार्थांत संशयालाही जागा आहे, आणि ती निर्णयाच्या आधी आहे. संशय ही लाज वाटण्याची अवस्था नाही, निर्णयाकडे जाणारी ती वाट आहे. मराठीने मात्र अनुमान या शब्दाची पत घालवली. न्यायात जे प्रमाण होते ते आपल्या बोलण्यात नुसता अंदाज झाले, आणि समर्थांनीही दासबोधात अनुमान हा शब्द डळमळीत समजुतीसाठी वापरून त्याच्यासमोर प्रचीती उभी केली. दहाव्या दशकात प्रचीतीवरच्या समासात ते म्हणतात की प्रचीतीवाचून औषध घेतले तर धडधाकट असलेलाही बिघडतो. शब्दांची ही अदलाबदल सोडली तर गौतम आणि समर्थ यांची मागणी एकच आहे. समर्थांच्या त्या औषधासारखेच एसीचेही होते : चालत्या यंत्रात नको असलेला गॅस कोंबला की दाब वाढतो, वीज जास्त लागते आणि कॉम्प्रेसर खरोखरच बिघडायला लागतो.

मराठीत निदान म्हणजे रोगाचे मूळ ओळखणे, आणि निदान म्हणजे कमीत कमी. या उन्हाळ्यात मेकॅनिकला फोन करण्याआधी निदान जाळी काढून नळाखाली धुवा, आउटडोअरसमोरचा मार्ग मोकळा करा आणि एसी अर्धा तास चालवून बघा. तो आला की तपासणीचे पैसे गॅसच्या पैशांहून वेगळे ठरवा आणि गॅसची गरज नाही असे निघाले तरी ते आनंदाने द्या. गॅस कमीच आहे असे तो म्हणाला, तर गळती कुठे आहे ते दाखवायला सांगा, आणि ती शोधायला त्याला वेळ द्या.